सहाव्या टाकीवरचा पहारा

१

फुसाएचा फोन आला तेव्हा मी माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानासमोरचा बर्फ फावड्याने बाजूला ओढत होते.

"कुनिए, ते तुझं यंत्र मला ओळखेनासं झालंय," ती म्हणाली. "पासवर्ड घेत नाही. मी काय आजची आलेय का इथे?"

"नीट टाकलास का?"

"नाही, पायाने टाकला. ये बघू लवकर."

साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यापर्यंत चालत जायला फार वेळ लागत नाही, पण तो सगळा रस्ता चढाचा. वर पोचले तर फुसाए दारातच उभी, कमरेला रबरी एप्रन, तोंडाला कुलूप नाही.

"खरं सांग, नात्तो खाऊन आलीस ना?" तिने विचारलं.

आमच्याकडे हंगामात काहीही बिघडलं की पहिला प्रश्न हाच. आंबवलेल्या सोयाबीनचे ते चिकट दाणे हंगाम संपेपर्यंत कारखान्यातल्या कोणी खायचे नाहीत. त्यातले जंतू कपड्यांवरून कोजीत शिरतात, आणि कोजी बिघडली की साके गेलीच. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली बुरशी. तिच्यासाठी ही माणसं स्वतःच्या लेकरांपेक्षा जास्त वेळा उठतात.

"मी खाल्ला असता तर तुझं तोंड आधी चिकटलं असतं," मी म्हटलं आणि जिना चढले.

यंत्र वरच्या फळ्यांच्या मजल्यावर कोपऱ्यात आहे. आंबवणाच्या टाक्या खालून वर येतात आणि त्यांची तोंडं या फळ्यांत गुडघ्याच्या उंचीवर उघडतात. यंत्र जुनं, त्यात लिनक्स. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, माऊसही नाही. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं एवढाच कारभार. मला असंच यंत्र आवडतं. ते उगाच हसत नाही.

पासवर्ड पडद्यावर दिसत नाही, म्हणून मी तो नावाच्या जागी टाकून पाहिला. दुखणं लगेच कळलं. अक्षरं बरोबर येत होती, चिन्हं चुकत होती. पीच्या शेजारच्या बटणावर @ छापलेलं होतं आणि पडद्यावर चौकोनी कंस उमटत होता. कीबोर्ड जपानी आणि यंत्र त्याला अमेरिकी समजत होतं. काळ्या पडद्याचं हे नेहमीचं दुखणं. एका ओळीची आज्ञा दिली, बटणांची मांडणी परत जपानी केली, कायमच्या फाईलमध्ये पाहिलं तर तिथे जपानीच लिहिलेलं होतं. कधीकधी होतं असं.

निघताना कीबोर्डवर एक डाग दिसला. स्पेसबार आणि त्याच्या वरची दोन बटणं यांच्यावरून गेलेली फिकट कमान, कोणीतरी ओला कप ठेवून उचलल्यासारखी. मी स्पिरिटने पुसली.

"कप ठेवत जाऊ नका गं इथे," मी म्हटलं.

"इथे कोण ठेवणार कप?" फुसाए म्हणाली. तिचा आवाज थोडा पडला होता.

२

ती मांडणी आपोआप अमेरिकी का झाली याचा विचार मी उतारावरून येताना मुद्दाम केला नाही. कारण त्या कीबोर्डवर अमेरिकी मांडणी वापरणारा एकच माणूस होता, आणि तो काही वर्षांपूर्वी सहाव्या टाकीत मेला.

त्याचं नाव तोकुमोरी. तरुणपणी परदेशी मालवाहू जहाजांवर होता, तिथेच यंत्रं शिकला. बटणावर काय छापलंय ते डोळ्यांसाठी, बोटांना त्याचं काय, असं म्हणायचा. मला काळा पडदा त्यानेच शिकवला. मला तो आवडायचा. त्याला हे माहीत होतं की नाही, ते मला माहीत नाही.

रिकामी टाकी घासायला आत उतरणं हे साकेच्या कारखान्यातलं सगळ्यात वाईट काम. आंबवणातून जो वायू निघतो तो हवेपेक्षा जड. शेजारच्या टाक्यांतून तो ओघळून रिकाम्या टाकीत बसतो, त्याला ना रंग ना वास, आणि घासणाऱ्या माणसाला वाटतं जरा दमलो. म्हणून वर एकजण पहाऱ्याला. वरच्याने "ओय" म्हणायचं, खालच्याने "होय" म्हणायचं. ही रीत जुनी. तोकुमोरीने त्यात यंत्र आणलं. खालून उत्तर आलं की पहारेकऱ्याने स्पेसबार दाबायचा. माणूस श्वास रोखू शकेल एवढ्या वेळात बटण दाबलं गेलं नाही तर कारखानाभर घंटा वाजणार. उत्तर नाही आलं तर बटण दाबायचं नाही, बाकी काही करायचं नाही, खुर्ची तर मुळीच सोडायची नाही. पहारा संपला की यंत्र एक प्रश्न विचारतं: *खाली कोणी आहे?* आपण शेवटची हाक मारायची, कान द्यायचा, आणि मग 'नाही'चं बटण दाबायचं.

तोकुमोरी स्वतः खाली असला की "होय" म्हणत नसे. त्याला ओरडणं आवडायचं नाही. तो ब्रशच्या लाकडी मुठीने टाकीच्या भिंतीवर दोनदा ठोकायचा. टक, टक.

तो मेला त्या दिवशी घंटा वाजली नाही. पहाऱ्यावर माझा मोठा भाऊ इवाओ होता. तो या कारखान्याचा तोजी, म्हणजे साके करणाऱ्यांचा मुख्य. तो म्हणाला, उत्तर आलं नाही म्हणून हात उचलला, पण यंत्र गप्प बसलं. सगळ्यांनी मान डोलावली. स्वतःच्याच यंत्राने खाल्लं बिचाऱ्याला, असं गावभर झालं. मी तो प्रोग्राम ओळ न ओळ वाचला होता आणि मला चूक सापडली नव्हती. पण माझं कोण ऐकतो? फुसाएला पहारा देता यावा म्हणून मी मांडणी जपानी केली, आणि सहाव्या टाकीवर झाकण घालून त्यांनी दोर आवळला.

या हंगामात दुसऱ्या एका टाकीला तडा गेला. फुसाएच्या फोनच्या आदल्या दिवशी सहावीचं झाकण काढलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. @च्या जागी चौकोनी कंस.

या वेळी मी हत्यारं घेऊन गेले होते. फाईल पाहिली, जपानी. यंत्र सुरू होताना आधी स्वतःची एक छोटी प्रत उठवतं, तिच्यात जुनी मांडणी दडून बसू शकते, म्हणून ती प्रत नव्याने बांधली. यंत्र बंद करून चालू केलं. अमेरिकी. दुकानातून आणलेला नवा कोरा कीबोर्ड लावला. अमेरिकी. फाईल म्हणत होती जपानी आणि बटणं म्हणत होती अमेरिकी, आणि दोघांपैकी कोणीही ताकास तूर लागू देत नव्हतं.

मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण मला न समजणारी गोष्ट समोर बसली की माझं डोकं तापतं, आणि तेव्हा मी मोठ्याने बोलते. "काय हवंय तुला?" मी यंत्राला विचारलं.

टाक्यांमधलं आंबवण फुटत होतं. बारीक, एकसारखं, पुष्कळ माणसं भिंतीपलीकडे कुजबुजावी तसं. त्या आवाजाची आम्हाला सवय असते. पण सहाव्या टाकीच्या बाजूने तो येत नव्हता, आणि माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं की आवाज नसण्यालाही एक दिशा असते. उघडं तोंड, आत पांढरा मुलामा, खाली अंधार. मी पाठ तिकडे करून बसले होते. खुर्ची वळवून घेतली.

नवा कीबोर्ड काढून जुना परत लावायला हातात घेतला, तर ओला लागला. स्पेसबारवरून गेलेली कमान परत आली होती, काल पुसलेल्याच जागी. मी वास घेतला. ताजी, न गाळलेली साके.

फुसाएला हाक मारली. ती जिन्यावरूनच डोकावली.

"तू वर का येत नाहीस?" मी विचारलं.

"गुडघे दुखतात."

"काल दुखत नव्हते."

"काल झाकण काढून एकच दिवस झाला होता," ती म्हणाली आणि खाली गेली.

४

शोकी नावाचा एक साधा प्रोग्राम आहे. कोणतं बटण दाबलं गेलं आणि कोणतं सोडलं गेलं, ते तो नंबरांनी दाखवतो. मांडणी-बिंडणी त्याला ठाऊक नसते, त्यामुळे त्याला फसवता येत नाही. थोडा वेळ कोणी काही दाबलं नाही की तो आपण होऊन बंद पडतो. बंद करायचं वेगळं बटण त्याला नाही. तुम्ही हात काढून घ्यायचे आणि वाट पाहायची.

जुना कीबोर्ड लावला, शोकी सुरू केला. एक बटण दाबलं. नंबर आला, दाबलं. सोडलं. दुसरं दाबलं, तेही बरोबर. कीबोर्ड ठणठणीत होता. मी हात मांडीवर घेतले आणि तो बंद पडायची वाट पाहू लागले.

अठ्ठेचाळीस, दाबलं.
एकोणपन्नास, दाबलं.
सत्तावन्न, दाबलं.

मी हात वर उचलून पाहिले. दोन्ही माझ्यासमोर, हवेत.

सत्तावन्न म्हणजे स्पेसबार. तो पुन्हा दाबल्याची ओळ आली, मग पुन्हा, मग ओळी भराभर खाली धावू लागल्या. बटण धरून ठेवलं की असंच होतं. सत्तावन्न दाबलं, सत्तावन्न दाबलं. सोडल्याची ओळ नाही. कीबोर्डकडे पाहिलं. स्पेसबार आणि त्याच्या वरची बी आणि एन ही दोन बटणं खाली गेलेली होती. त्यांच्यावर काही नव्हतं.

ओलावा आत शिरला असेल, मी स्वतःला म्हटलं. साखर असते साकेत, चिकटतात बटणं. मी नखाने स्पेसबार वर उचलायला गेले. तो किंचित वर आला आणि परत खाली दाबला गेला. चिकटलेलं बटण असं वागत नाही. त्याच्यावर वजन होतं.

मला रडू आलं. भीतीने नाही, खरंच नाही. कारण त्या क्षणी मला प्रोग्राममधली चूक कळली, जी मी ओळ न ओळ वाचूनही शोधू शकले नव्हते. बटण दाबलं जातंय एवढंच तो पाहत होता. ते परत सोडलंही गेलं पाहिजे, हे तोकुमोरीने त्यात लिहिलंच नव्हतं. पहाऱ्यावरचा माणूस बटणावर काहीतरी ठेवून निघून जाईल, हे त्याच्या मनातच आलं नसेल.

५

जेवायच्या खोलीत दादा एकटाच होता. समोर गरम मुळा, भात, आणि शेजारी त्याचा चाखायचा कप. पांढरा, जाड, आतून तळाशी दोन निळी वर्तुळं. तोजीच्या हातात तो दिवसभर असतो. चाखायचं, थुंकायचं, पुढच्या टाकीकडे जायचं.

मी समोर बसले. त्याने कप उचलून बाजूला ठेवला, तेव्हा लाकडावर त्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटलं. मी त्या वर्तुळाकडे बघत राहिले. स्पेसबार, बी आणि एन यांच्यावर ते नेमकं बसलं असतं.

"दादा, त्या दिवशी तू कुठे होतास?"

"कोणत्या?"

"तुला माहितेय कोणत्या."

तो मुळा चावत राहिला. बराच वेळ चावला.

"पहाऱ्यावर," तो म्हणाला.

"कप कुठे होता?"

त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. माझा भाऊ मोठा माणूस आहे, त्याचे हात कोजी मळून मळून बायकांच्या हातांसारखे मऊ झालेत.

"कोजीच्या खोलीतून निरोप आला," तो म्हणाला. "तापमान चढतंय म्हणून. तुला काय कळणार? अख्ख्या वर्षाची कोजी. ती थांबत नाही, कुनिए. माणूस थांबतो, कोजी थांबत नाही. मी म्हटलं, जाऊन येतो. तो ठोकत होता खाली, मी ऐकलं होतं, टक टक, छान घासत होता. कप ठेवला आणि गेलो. उगाच घंटा वाजून सगळे धावत यायला नकोत म्हणून. आलो तेव्हा कप तिथेच होता."

"आणि तू म्हणालास यंत्र गप्प बसलं."

"गप्पच बसलं होतं ना."

मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. त्याने मला लहानपणी बर्फातून पाठीवर घेऊन शाळेत नेलेलं होतं, आणि तरी मारावंसं वाटलं.

"आज दुपारी सहावीत कोण उतरतंय?" मी विचारलं.

"मी. दुसरं कोणी तयार नाही. उद्या भरायचीय."

"नको उतरूस. बटणं आपोआप दाबली जातायत. आत्ताही दाबलेली आहेत. घंटा वाजणार नाही, दादा."

तो माझ्याकडे बघून हसला नाही, हेच मला जास्त लागलं.

"वाजणार नाही हे मला झाकण काढल्यापासून माहीत आहे," तो म्हणाला. "खाई त्याला खवखवे. त्याच्या टाकीत मीच उतरायला हवं. तू बस पहाऱ्याला. तू खुर्ची सोडणार नाहीस."

६

त्याने हवा मोजली, बरी होती. पंखा लावला. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर छताच्या चाकावर. हे सगळं नियमाप्रमाणे. मग शिडी खाली सोडली आणि एकेक पायरी उतरत तो फळ्यांच्या खाली गेला. शेवटी त्याचं डोकं गेलं.

मी बसले तेव्हा बटणं वर होती, तिन्ही. मी पहारा सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात तोकुमोरीने एक छोटा चौकोन ठेवलेला आहे. बटण दाबलेलं असलं की तो पांढरा, सोडलं की काळा. मी "ओय" म्हटलं. खालून "होय" आलं. बटण दाबलं, चौकोन पांढरा झाला. सोडलं, काळा झाला. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले.

"ओय."

"होय. गाणं म्हणू का?"

"नको. आहे ती साकेही नासेल."

ब्रशचा आवाज येत होता. पंखा घरघरत होता. टाक्या कुजबुजत होत्या. मग छतावरून बर्फ घसरला. असा घसरला की फळ्या हादरल्या, आणि बाहेर भिंतीलगत धप्पकन ढीग पडल्याचं ऐकू आलं. हे हंगामात रोजचंच. पण त्यानंतर पंख्याचा आवाज बदलला. जड झाला, तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखा. हवा बाहेर फेकणारी नळी त्याच भिंतीतून बाहेर निघते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"ओय."

"होय," तो म्हणाला, पण थोडं थांबून.

"वर ये दादा."

"एवढा तळ राहिलाय."

ब्रश फिरला, थांबला, फिरला.

"ओय."

काही नाही.

"ओय! दादा!"

मी हात उचलला. नियमच आहे. उत्तर नाही, तर बटण नाही. घंटा वाजेल, माणसं येतील. मी दोन्ही हात छातीशी धरले आणि घंटेची वाट पाहिली. कोपऱ्यातला चौकोन पांढरा झाला.

आणि पांढराच राहिला. कीबोर्डवर तिन्ही बटणं खाली गेली होती.

मी "फुसाए!" म्हणून ओरडले. खाली धुण्याच्या खोलीत पाण्याचे पाइप चालू होते, तिथे कोणाला काही ऐकू येत नाही, म्हणूनच तर घंटा. मी कीबोर्डची वायर यंत्रातून उपटून काढली. कीबोर्ड माझ्या मांडीवर पडला, सुटा. चौकोन पांढराच होता. श्वास रोखण्याएवढा वेळ कधीच होऊन गेला होता, घंटा वाजत नव्हती. दोर ओढायला गेले तर तो माझ्याच्याने हलला नाही. माझा भाऊ मोठा माणूस आहे. टाकीत डोकावण्याचं धाडस मला झालं नाही. डोकावले असते तर मीही आत गेले असते, हे माहीत होतं, आणि त्याशिवाय तिथे आणखी कोणी दिसेल हेही मनात आलं.

मी खुर्चीत परत बसले. काय करतेय ते कळत होतं आणि तरी लाज वाटत होती.

"तोकुमोरी-सान," मी पडद्याला म्हटलं. "सोडा. तो माझा भाऊ आहे."

टाक्या गप्प झाल्या. सगळ्या. एवढी साके एकाच वेळी आंबायची थांबत नाही, पण थांबली.

"त्याने कप ठेवला होता. त्याने मला सांगितलं. तुमचं यंत्र चुकलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगेन. तुमच्या आईला सांगेन. सोडा."

टाकीच्या आतून मुलाम्यावर लाकूड वाजलं. टक, टक.

चौकोन काळा झाला. मी नकळत श्वास रोखला, आणि तो सुटायच्या आत घंटा वाजली.

७

त्यांनी दादाला वर ओढला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. फुसाए गुडघे विसरून सगळ्यांच्या आधी पोचली होती आणि दोरावर सगळ्यात पुढे तीच होती. फळ्यांवर त्याला पालथा केला, उताणा केला, थोबाडीत मारल्या. त्यातल्या दोन माझ्या. तो खोकला. नंतर त्याला गाडीत घालून नेलं. ब्रश त्याच्या मुठीत तसाच होता. बोटं उघडेनात म्हणून तोही बरोबर गेला.

वर मी आणि फुसाए राहिलो. कोणीतरी बाहेर जाऊन नळीवरचा बर्फ काढला होता, पंखा पुन्हा पूर्वीसारखा घरघरत होता आणि टाक्या कुजबुजत होत्या. पडद्यावर प्रश्न उभा होता.

*खाली कोणी आहे?*

"बंद कर ते आता," फुसाए म्हणाली. "झाला की पहारा."

मी वायर लावली. बोट 'नाही'च्या बटणावर नेलं. मग आठवलं की शेवटची हाक मारायची राहिलीय. नियम म्हणजे नियम. टाकी रिकामी होती, शिडी वर ओढून घेतली होती, ब्रश दवाखान्यात होता.

"ओय," मी म्हटलं.

फुसाएने माझा दंड धरला. तिची नखं अजून मला आठवतात.

टक, टक.

आम्ही दोघी हललो नाही. तोकुमोरी मेला त्या दिवशीचा पहारा कोणी बंदच केला नव्हता. कप उचलला, धावाधाव झाली, यंत्राची वायर काढली, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लावली. प्रश्नाला उत्तर कोणी दिलंच नाही. इतकी वर्षं आम्ही तो वर आलाय असं धरून चाललो होतो.

मी 'नाही' दाबू शकले नाही. स्पेसबार दाबला.

८

दादाने बरा झाल्यावर स्वतः मालकांना सांगितलं. पोलीस आले, गेले, पुन्हा आले. तोकुमोरीच्या आईकडे आम्ही दोघं गेलो. तिने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं, "म्हणजे तो ठोकत होता तेव्हा वर कोणी नव्हतं?" दादाने कपाळ चटईला टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही.

तो आता तोजी नाही. पण रोज सकाळी येतो आणि वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो. मालकांनी पहिल्यांदा हटकलं. मग एक दिवस ते स्वतः वर जाऊन आले आणि त्यानंतर काही बोलले नाहीत. सहावीत साके भरली नाही. तिचं झाकणही परत घातलं नाही. दादा घरी जेवायला जातो तेव्हा फुसाए बसते, ती नसली तर मी. रात्रीही कोणी ना कोणी असतं. घंटा अजून एकदाही वाजलेली नाही.

मांडणी मी अमेरिकीच ठेवली आहे. पासवर्ड बदलला, चिन्ह नसलेला घेतला, फुसाएला जमतो. यंत्राचा बिघाड मला दुरुस्त करता आला नाही असं मी कागदावर लिहून दिलं. माझ्या दुकानाची अब्रू गेली, जाऊ दे. त्याच्या बोटांना हवं ते सापडायला हवं.

परवा कोजीच्या खोलीत गडबड होती. तापमान चढत होतं, नवा तोजी घाबरला होता. फुसाएने जिन्याच्या तळाशी येऊन जुन्या सवयीने दादाला हाक मारली, "तोजी! कोजी तापलीय हो. तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही. नुसता हात लावून जा. तोवर बसते मी."

मी दादाजवळच बसले होते. त्याने मान वळवली नाही. त्याचा कप कुठेच दिसत नव्हता. पुष्कळ दिवसांत दिसलेला नाही.

"थांबू दे तिला," तो म्हणाला.

मग तो टाकीच्या उघड्या तोंडाकडे बघून "ओय" म्हणाला, आणि आम्ही दोघं उत्तराची वाट बघत बसलो.